इमारतीचं पासिंग आणि चालकाचा परवाना



ज्या मेट्रनबाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांच्याविषयी माझ्याआधीच्या वक्त्यांनी पुष्कळ सांगितलं आहे. बाईंना भाषणांचा कंटाळा होता असं त्यांच्या विद्यार्थिनी अजून सांगतात, म्हणून मी थेट कामाचं बोलते. विषय ऐकायला रुक्ष आहे. अमेरिकेत नर्सिंग होम चालवणाऱ्या माणसाला सरकारचा परवाना लागतो. तो का लागू लागला, कसा मिळतो, आणि त्यानं काय साधलं, काय साधलं नाही, एवढंच आज मांडायचं आहे. मिरजेत नर्सिंग होम म्हटलं की डॉक्टरांचं वीस-पंचवीस खाटांचं दवाखानावजा रुग्णालय डोळ्यांसमोर येतं. मी बोलते आहे ते वेगळ्या ठिकाणाबद्दल. जिथं अंथरुणाला खिळलेली, विसरभोळी झालेली, पडून हाड मोडलेली वयस्कर माणसं महिनोन् महिने, कधी मरेपर्यंत राहतात, त्या घरांबद्दल.

गोष्ट ओहायो राज्यातल्या फिचव्हिल नावाच्या छोट्या गावातून सुरू करते. 23 नोव्हेंबर 1963 ची पहाट. तिथल्या गोल्डन एज नर्सिंग होमला आग लागली आणि 63 माणसं गेली. त्रेसष्ट. बहुतेक म्हातारी, अंथरुणावरून आपली आपण उठू न शकणारी. आदल्याच दिवशी डॅलसमध्ये अध्यक्ष केनेडींची हत्या झाली होती, त्यामुळे देशाचं लक्ष दुसरीकडे होतं आणि ही बातमी दबून गेली. त्याआधी 1957 मध्ये मिझुरीतल्या वॉरेंटनला अशाच एका घराला आग लागून 72 जण गेले होते. म्हणजे फिचव्हिल हा काही पहिला झटका नव्हता.

ही घरं आली कुठून, हे थोडं सांगायला हवं. 1935 च्या सोशल सिक्युरिटी कायद्यानं गरीब वृद्धांना पेन्शनवजा मदत सुरू झाली. पण सरकारी दरिद्री गृहात, त्यांच्या 'पुअरहाउस'मध्ये राहणाऱ्यांना ती मिळणार नाही अशी अट होती. हेतू चांगला होता, ती जुनी दरिद्री गृहं बंद पडावीत. झालं असं, की म्हातारी माणसं तिथून उठून खासगी घरांत गेली. कुणी विधवा बाई आपल्या मोठ्या घरात सहा-सात जणांना ठेवायची, कुणी जुनं हॉटेल विकत घेऊन त्यात खाटा टाकायचा. मदतीचा चेक म्हाताऱ्याच्या नावानं येणार आणि घरमालकाच्या हातात जाणार. एक धंदा उभा राहिला. पुढे 1965 च्या जुलैत वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या सरकारी आरोग्य योजना आल्या, सरकारी पैशाचा ओघ कैक पटींनी वाढला, आणि ज्यांना कालपर्यंत म्हाताऱ्या माणसाचं डायपर कसं बदलतात हे ठाऊक नव्हतं अशी मंडळी या धंद्यात उतरली.

आता गंमत बघा. इमारतींना परवाना होताच. 1950 च्या दुरुस्तीनं केंद्र सरकारनं राज्यांना सांगितलं होतं की अशा संस्थांना परवाने देणारी यंत्रणा उभी करा, नाहीतर पैसे बंद. त्यामुळे दारं किती, खाटा किती, संडास किती, हे कागदावर होतं. पण तो सगळा कारभार ज्याच्या हुकमानं चालतो तो माणूस कोण असावा, याबद्दल बहुतेक ठिकाणी काहीच नव्हतं. ट्रकचं पासिंग आरटीओनं करून घेतलं आणि चालकाला लायसन्स विचारलंच नाही, असा तो प्रकार.

यूटाचे सिनेटर फ्रँक मॉस यांच्या उपसमितीनं साठच्या दशकात यावर एकामागून एक सुनावण्या घेतल्या. आणि 1967 च्या सोशल सिक्युरिटी दुरुस्तीत मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी एक कलम घातलं, कायद्यातलं कलम 1908. 2 जानेवारी 1968 ला अध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली. कलमाचं सार सोपं होतं: ज्या राज्याला मेडिकेडचे पैसे हवेत, त्यानं 1 जुलै 1970 पासून परवाना नसलेल्या प्रशासकाच्या हाती कुठलंही नर्सिंग होम चालू देता कामा नये. केंद्रानं परवाना स्वतः दिला नाही, राज्यांना द्यायला लावला. म्हणूनच आजही कॅलिफोर्नियाचा परवाना टेक्सासला आपोआप चालत नाही.

मला या कलमात सगळ्यात शहाणपणाची वाटते ती मंडळाची रचना. परवाना देणाऱ्या मंडळावर कुठल्याही एका व्यवसायाचं किंवा एका प्रकारच्या संस्थांचं बहुमत असता कामा नये, असं नियमांत आहे. म्हणजे नर्सिंग होमवाल्यांनीच नर्सिंग होमवाल्यांना परवाने वाटायचे नाहीत, आणि डॉक्टरांचंही राज्य नको. आपल्याकडे कुठलीही परिषद निघाली की ती हळूहळू कुणाच्या खिशात जाते हे तुम्हा-आम्हाला माहीत आहे. त्यांच्याकडेही ओढाताण होतेच, पण निदान कागदावर तरी हे लिहून ठेवलं आहे.

परवान्याला काय लागतं? राज्याराज्यात फरक आहे, म्हणून एकच उदाहरण घेते. माझी एक भाची कॅलिफोर्नियात या मार्गानं गेली. तिच्याकडे पदवी होती, पण नर्सिंग होमच्या व्यवस्थापनातली नव्हती. तेव्हा तिला तिथले एक हजार तास 'ॲडमिनिस्ट्रेटर इन ट्रेनिंग' म्हणून काढावे लागले, परवानाधारक अनुभवी प्रशासकाच्या हाताखाली. त्या मार्गदर्शकाला प्रिसेप्टर म्हणतात. भाचीला वाटलं होतं, ऑफिसात बसून बजेट शिकायचं असेल. पहिले काही आठवडे तिला स्वयंपाकघरात उभं केलं. रात्रीच्या जेवणापासून सकाळच्या नाश्त्यापर्यंत चौदा तासांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये, असा केंद्राचा नियम आहे. मधे पोटभरीचा फराळ दिला आणि तिथं राहणाऱ्यांच्या समितीनं मान्य केलं, तरच सोळापर्यंत. तेव्हा साडेपाचला शेवटचं ताट उचललं गेलं, तर सकाळी साडेसातला पहिलं ताट टेबलावर हवं, मग आचारी आजारी असो की बर्फ पडो. तिनं ते घड्याळ हातात धरून पाहिलं. नंतर लॉन्ड्री. मग एखाद्याचं वजन महिन्याभरात पाच टक्के उतरलं, तर ते कोण टिपतं, कोण डॉक्टरांना कळवतं, कोण ताटातलं उरलेलं बघतं, याचा पाठपुरावा. मग पैसे: राहणाऱ्याची स्वतःची रक्कम संस्थेकडे ठेवायला दिली आणि ती शंभर डॉलरच्या वर गेली, तर ती संस्थेच्या खात्यात मिसळायची नाही, व्याज देणाऱ्या वेगळ्या खात्यात ठेवायची. मेडिकेडवाल्यांसाठी ही मर्यादा पन्नास डॉलर आहे. पन्नास डॉलरसाठी एवढा उपद्व्याप कशाला, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "आत्या, चोरी पन्नासांपासूनच सुरू होते."

तासांनंतर परीक्षा. राज्य मंडळांच्या राष्ट्रीय संघटनेची, जिला तिथं सगळे एनएबी म्हणतात, तिची परीक्षा असते आणि शिवाय राज्याचे आपले नियम. सेवा आणि आधार, दैनंदिन कारभार, परिसर आणि गुणवत्ता, नेतृत्व अशा चार भागांत ती विभागलेली आहे. आगीची कवायत दर तीन महिन्यांनी प्रत्येक पाळीत घ्यायची, म्हणजे रात्रपाळीचीही घ्यायची, हे त्यात येतं. कॅलिफोर्नियात परवाना दर दोन वर्षांनी नवा करावा लागतो आणि तोपर्यंत चाळीस तासांचं पुढचं शिक्षण झालेलं लागतं. डॉक्टर असल्यानं इथं काही सुटत नाही. एमडीची पदवी भिंतीवर टांगली म्हणून प्रशासकाचा परवाना मिळत नाही. वैद्यकीय संचालक वेगळा, नर्सिंगची प्रमुख वेगळी, आणि या दोघांनाही ज्याच्या टेबलाकडे यावं लागतं तो प्रशासक वेगळा.

इतकं सांगितल्यावर कुणी म्हणेल, परीक्षा पास झालेला माणूस चांगलाच असतो असं कुठे आहे? नसतोच. परीक्षेवर माझाही फारसा जीव नाही. मला या व्यवस्थेतली एक दुसरीच कडी महत्त्वाची वाटते. सरकारचे तपासनीस न सांगता येतात, दोन तपासण्यांमध्ये पंधरा महिन्यांपेक्षा जास्त काळ जाऊ द्यायचा नाही. ते आले की नुसत्या फायली पाहत नाहीत, जेवणाच्या हॉलमध्ये उभे राहतात, गोळ्या वाटणाऱ्या नर्सच्या मागे मागे फिरतात. आणि या तपासणीत सेवेचा दर्जा गंभीररीत्या खालावलेला आढळला, तर राज्यानं दोघांना कळवायचंच असा कायदा आहे: त्या राहणाऱ्यांच्या डॉक्टरांना, आणि प्रशासकाला परवाना देणाऱ्या मंडळाला. म्हणजे संस्थेवर दंड बसला आणि मालकानं भरला, इथं प्रकरण मिटत नाही. एका नाव असलेल्या माणसाच्या फायलीत कागद जातो. उद्या तो नोकरी सोडून दुसऱ्या राज्यात गेला तरी त्याला विचारलं जातं. परवान्याची किंमत ही आहे. आणि त्याच परवान्याच्या बळावर तो मालकाला सांगू शकतो, की साहेब, रात्रपाळीला एवढ्याच माणसांत मी हे घर चालवणार नाही, माझं लायसन्स जाईल.

सांगू शकतो. सांगतोच असं नाही. इथं मला तुमच्यासमोर अमेरिकेची आरती ओवाळायची नाही.

2017 च्या सप्टेंबरात फ्लोरिडावर इर्मा वादळ आलं. हॉलिवूड या गावातल्या एका पुनर्वसन केंद्राची वातानुकूलन यंत्रणा 10 तारखेला वीज तुटल्यानं बंद पडली. इमारतीतले दिवे चालू होते, फक्त थंड हवा बंद. आणलेले छोटे कूलर एका बाजूनं गार हवा सोडत आणि दुसऱ्या बाजूनं गरम हवा छताकडे. तीन दिवस वरचा मजला तापत राहिला. 13 च्या पहाटे समोरच्या रुग्णालयातली माणसं धावत आली आणि त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं. समोरच्या, म्हणजे अक्षरशः रस्त्यापलीकडच्या. बारा जणांचे मृत्यू पुढे मनुष्यवधाच्या सदरात नोंदले गेले. प्रशासकाकडे परवाना होता. त्यानं वीज कंपनीला फोन केले होते, राज्यपालांनी दिलेल्या नंबरवरही केले होते. त्याच्यावर खटला भरला आणि 2023 मध्ये सरकारी पक्षाचं म्हणणं संपताच न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडलं. तो दोषी होता की नव्हता हे मी ठरवणार नाही, न्यायालयानं ठरवलं आहे. मला एवढंच दिसतं, की जनरेटर घ्यायचा की नाही हे त्याच्या सहीनं ठरत नव्हतं. त्यानंतर फ्लोरिडानं नियम केला: वीज गेली तरी 96 तास तापमान 81 फॅरेनहाइटच्या, म्हणजे आपल्या सत्तावीस अंशांच्या, वर जाता कामा नये, तेवढा जनरेटर आणि तेवढं इंधन हवं. 

हा दुखरा भाग नीट समजून घ्या. प्रशासक शिकला, तासही भरले, परीक्षाही दिली, आणि चेकबुक तिसऱ्याच गावातल्या गुंतवणूकदाराच्या टेबलात. नियमांत 'प्रशासक संस्थेच्या नियामक मंडळापुढे उत्तरदायी' असं लिहिलं आहे. ते नियामक मंडळ कोणापुढे उत्तरदायी, हे शोधायला गेलं की एका कंपनीतून दुसरी कंपनी निघते. इमारत एकीच्या नावावर, व्यवस्थापन दुसरीकडे, औषधं तिसरीकडून. अशा ठिकाणी परवानाधारक माणूस अडकवून ठेवायला बरा पडतो, आणि शहाणा माणूस वर्ष-दीड वर्षात दुसरी नोकरी बघतो. अग्निशमनाचंच घ्या. फिचव्हिल 1963 चं. माणसाला परवाना 1970 मध्ये आला. आणि देशातल्या प्रत्येक नर्सिंग होममध्ये पाण्याचे फवारे, स्प्रिंकलर, असलेच पाहिजेत ही सक्ती पूर्णपणे लागू झाली 13 ऑगस्ट 2013 ला. पन्नास वर्षांनी. माणसाकडून शिस्त मागणं स्वस्त पडतं, पाइप बसवणं महाग पडतं.

आणखी एक पळवाट त्यांच्याकडे उघडी आहे, ती आपल्या कामाची आहे. नर्सिंग होमला केंद्राचे नियम आहेत. पण 'असिस्टेड लिव्हिंग' म्हणून जी घरं निघाली, थोडी मदत लागणाऱ्या वृद्धांची, चकचकीत लॉबीची, त्यांना केंद्राचा असा कायदा नाही, सगळं राज्यांवर सोडलेलं. आज तिथं राहणाऱ्यांची अवस्था पूर्वीच्या नर्सिंग होममधल्यांसारखीच होत चालली आहे, आणि चालवणाऱ्याला परवाना लागेल की नाही हे पत्त्यावर अवलंबून.

आता आपल्याकडे येऊ. 1949 चा मुंबई नर्सिंग होम नोंदणी कायदा हा चांगला कायदा आहे, मी हे मुद्दाम म्हणते. त्यात आजारी, जखमी आणि दुर्बल अशा माणसांना ठेवून घेणाऱ्या जागेचा समावेश आहे, आणि तिथेच राहणाऱ्या प्रशिक्षित डॉक्टर किंवा परिचारिकेच्या व्यवस्थापनाखाली ती नसेल तर नोंदणी नाकारता येते. शब्दांकडे पाहिलं तर अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांना सांभाळणारं केअर सेंटर त्यात बसायला हरकत नाही. प्रत्यक्षात मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी भिंतीवर धर्मादाय आयुक्तांकडचं नोंदणीपत्र असतं किंवा शॉप ॲक्टचं. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात दर जिल्ह्याला किमान 150 निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम असावा असं आहे. 2019 मध्ये त्याच्या दुरुस्तीचं विधेयक लोकसभेत आलं. त्यात वृद्धांच्या देखभाल केंद्रांची आणि घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी, किमान दर्जा, सगळं होतं. समितीकडे गेलं, अहवाल आला, आणि लोकसभेची मुदत संपली तसं विधेयकही संपलं. महारेरानं 2024 मध्ये ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना नियम घालून दिले: रॅम्प हवा, लिफ्टमध्ये व्हीलचेअर जावी, जमीन घसरडी नको. उत्तम झालं. म्हणजे आपण पुन्हा पासिंगपासून सुरुवात केली आहे.

एका शहराच्या कडेच्या बंगल्यातलं केंद्र सांगते, नाव घेत नाही. तेवीस-चोवीस माणसं. ब्यूरोतून आलेल्या मावशी, त्यातल्या दोघी खरोखर प्रेमळ. गोळ्या नावं लिहिलेल्या डब्यांत, पण एक डबा दोघींचा, कारण दोघीही 'पाटील काकू'. संध्याकाळी साडेसहाला वरण-भात उरकलेला, मावशींची बस सातची म्हणून. सकाळचे पोहे नऊला. साडेचौदा तास, मधे एक चहा. एका खोलीतल्या चौघांपैकी दोघांना इन्सुलिन. मी विचारलं, इथं प्रमुख कोण? मालक पुण्याला असतात. डॉक्टर? मंगळवारी येतात. आत्ता काही झालं तर? मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि मालकांचा मोबाइल नंबर सांगितला.

नोव्हेंबर 2021 मध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयाला आग लागली, 11 रुग्ण गेले. अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकारी बाईंना आणि तीन परिचारिकांना. त्याच वर्षी जानेवारीत भंडाऱ्यात दहा नवजात बाळं गेली. ही सरकारी रुग्णालयं, माझ्या आजच्या विषयाबाहेरची, पण सवय तीच आहे. कारभाराची जबाबदारी आधी कुणाच्या नावावर टाकून ठेवायची नाही, आणि मग जे त्या वेळी वॉर्डात उभे असतील त्यांना धरायचं. आमच्या परिचारिकांना हे नवीन नाही.

तुम्ही म्हणाल, बाई, आणखी एक परवाना म्हणजे आणखी एक टेबल, आणि टेबल म्हटलं की टेबलाखालून. ही भीती खोटी नाही. म्हणून मी अमेरिकेची परीक्षा इथं आणा असं म्हणत नाही. आणायच्या त्या दोन गोष्टी. एक, प्रत्येक ठिकाणी एक माणूस नावानिशी, त्याचा फोटो आणि नोंदणी क्रमांक दारात, आणि तो रात्री किती अंतरावर असतो हेही. दोन, मंडळ असं, ज्यात एका गटाचं बहुमत नाही, आणि ज्याच्याकडे तपासणीचा वाईट शेरा आपोआप जातो, कुणी पाठवावा म्हणून वाट पाहावी लागत नाही. त्याच्या जोडीला तिसरी, जी त्यांनी केली नाही: खर्चाच्या काही बाबी, रात्रपाळीची माणसं, जनरेटर, आगीची साधनं, या मालकानं नाकारल्या तर त्या नकारावर मालकाची लेखी सही घेण्याचा हक्क प्रशासकाला. तोंडी नकार मालकाला सोयीचा असतो. लेखी मागितला की पुष्कळदा पैसे निघतात.

आणि जे आज चालवत आहेत त्यांचं काय? तासगाव भागातल्या एक बाई मला माहीत आहेत. दहावी झालेल्या. नवऱ्याच्या मागे घर मोकळं होतं, त्यात बारा-तेरा म्हाताऱ्यांना सांभाळतात. रात्री दोनदा उठून सगळ्यांवरून बॅटरी फिरवतात, कोण खोकतंय, कोणाची चादर ओली आहे. त्यांना पदवी नाही म्हणून घालवायचं आणि एमबीए झालेल्या एखाद्या मुलाला आणून बसवायचं, असा कायदा होणार असेल तर मी त्याच्या विरोधात रस्त्यावर येईन. अमेरिकेनंही 1970 मध्ये सगळ्यांना एका रात्रीत बाहेर काढलं नाही. आधीपासून काम करणाऱ्यांना काही अटी शिथिल करण्याची मुभा कायद्यात होती, आणि त्यांना शिकवण्यासाठी राज्यांना अनुदान देण्याची तरतूद त्याच कलमात होती. कॅलिफोर्नियात आजही कॉलेजचं काही शिक्षण आणि नर्सिंग होममधला दहा वर्षांचा जबाबदारीचा अनुभव असेल तर पूर्ण पदवीशिवाय मार्ग उघडा आहे. तासगावच्या बाईंसाठी तो मार्ग आणखी रुंद करावा लागेल. गोळ्यांचं वाटप, आग, पैशाचा हिशेब, दोन जेवणांमधलं अंतर, एवढं मराठीत, त्यांच्या तालुक्याच्या ठिकाणी, सरकारच्या खर्चानं शिकवा, दोन वर्षं द्या, आणि मग नोंदणी करा. शिकवायला मिरजेत माणसं कमी नाहीत, पहिल्या रांगेतच बसली आहेत.

2019 चं ते ज्येष्ठ नागरिक दुरुस्ती विधेयक आज ना उद्या कुठल्यातरी रूपात परत येईल, आणि राज्याला त्याखाली नियम करावे लागतील. मसुदा राजपत्रात निघाला की हरकती आणि सूचना मागवतात. त्या मुदतीत बिल्डरांच्या संघटनेची सूचना जाते, केंद्रचालकांची जाते. परिचारिकांची जात नाही, मुलाबाळांची जात नाही, तिथं राहणाऱ्यांची तर नाहीच नाही. या वेळी या सभागृहातून निदान एक सूचना जावी, 'प्रमुख' या कलमावर. त्या सूचनेचा मजकूर लिहून द्यायला मी तयार आहे.